घर बघायला आलोय!

घराच्या बाबतीत आपला निर्णय पक्का झालाय, असं मधुकरराव निकम गेलं वर्षभर रोज सकाळी चहाच्या वेळी जाहीर करत होते. निर्णय खरोखरच पक्का असायचा. फक्त चारुशीलाबाईंचा निर्णय त्याच्या बरोब्बर उलटा आणि तितकाच पक्का असायचा, एवढीच काय ती अडचण!

कराडात विद्यानगरच्या बाजूला त्यांचं बैठं घर. चार खोल्या, वर गच्ची, गच्चीला बाहेरून जिना. मधुकररावांनी नोकरीत असताना हौसेनं बांधलेलं. पण घरालाही वय असतंच की! गच्ची गळायला लागली होती, भिंतींना ओल धरली होती, हॉलमधली एक फरशी पाय पडला की चहाच्या बशीसारखी वाजायची. न्हाणीघराचं दार पावसाळ्यात एवढं फुगायचं, की आत गेलेल्या माणसाला बाहेर काढायला दुसरा माणूस लागायचा.

"पाडायचं!" मधुकरराव म्हणायचे. "पार जमीनदोस्त! खाली आपण, वर अनीशसाठी अख्खा मजला. चार पिढ्या बघायला नको."

"काही पाडायचं नाही," चारुशीलाबाई म्हणायच्या. "गिलावा काढून नवा करा, गच्चीला वॉटरप्रूफिंग करा, रंग द्या. घर लग्नातल्या नवरीसारखं दिसेल."

"अगं, म्हातारीला शालू नेसवला म्हणून ती नवरी होत नाही!"

"कुणाला म्हातारी म्हणताय?"

इथे विषय घरावरून घसरायचा आणि त्या दिवसापुरता संपायचा.

खरं सांगायचं तर दोघांच्या मनात एकच गोष्ट होती. मुलगा अनीश शिरवळला एका कारखान्यात इंजिनियर होता. शनिवारी रात्री यायचा, रविवारी आईच्या हातचं जेवून ढाराढूर झोपायचा आणि सोमवारी पहाटेच्या गाडीनं परत. त्याचं लग्न झालं, घर जरा बरं असलं, तर तो कराडातच राहील, रोज जाऊन-येऊन करील, अशी दोघांना आशा होती. मधुकररावांना वाटायचं, नवा मजला बघितला की पोरगं राहील. चारुशीलाबाईंना वाटायचं, नवा रंग बघितला की राहील. पोराला काय वाटतं, हे मात्र कुणी विचारलं नव्हतं. झोपलेल्या माणसाला विचारणार तरी कसं?

आणि लग्न काही जमत नव्हतं. मागच्या खेपेला फलटणची मंडळी आली होती. सगळं ठीक चाललं होतं. पण मधुकररावांनी गप्पांच्या ओघात, अनीश लहानपणी झोपेत चालायचा आणि एकदा चालत चालत शेजारच्यांच्या गोठ्यात जाऊन झोपला होता, ही गोष्ट रंगवून सांगितली. मंडळी हसली, पोहे खाल्ले, गेली. ती गेलीच! तेव्हापासून चारुशीलाबाईंनी मनाशी ठरवलं होतं, की पुढचं स्थळ आलं की आधी नवऱ्याला घराबाहेर काढायचं.

तर असं स्थळ आलं. चारुशीलाबाईंच्या मावसबहिणीनं सुचवलं. तासगावकडचे द्राक्षबागायतदार, आप्पासो मोहिते. मुलगी मयूरी, तीही नोकरी करणारी. मावसबहीण फोनवर म्हणाली, "मुलीचे वडील एकटेच येतो म्हणतात. रविवारी सकाळी सहज घर बघायला. पटलं तर पुढचं."

चारुशीलाबाईंनी नवऱ्याला एक अक्षर सांगितलं नाही.

इकडे मधुकररावांनीही एक अक्षर सांगितलं नव्हतं! त्यांनी परस्पर एका कॉन्ट्रॅक्टरला फोन केला होता. शंभूराज त्याचं नाव. त्याचा लौकिक असा, की तो घरात शिरला की घर पाडल्याशिवाय बाहेर पडत नाही. मधुकररावांना असाच माणूस हवा होता. शंभूराज म्हणाला, "रविवारी सकाळी येतो. आधी घर बघतो, मग बोलू." मधुकरराव खूश. रविवारी सकाळी बायको भिशीला जाते. ती परत येईपर्यंत घर पाडायचा निर्णय होऊनसुद्धा जाईल!

रविवार उजाडला. अनीश नेहमीप्रमाणे आतल्या खोलीत डोक्यावर पांघरूण घेऊन झोपला होता.

"तुम्ही आज कटिंगला जाणार होतात ना?" चारुशीलाबाईंनी विचारलं.

"तू भिशीला जाणार होतीस ना?"

"भिशी पुढे ढकललीय. तुम्ही जा. मानेवर किती केस आलेत! आणि येताना मंडईतून मेथी आणा. घाई करू नका, निवडून निवडून आणा."

जास्त ताणलं तर संशय येईल म्हणून मधुकररावांनी पिशवी उचलली, फाटकाबाहेर पडले आणि कोपऱ्यावरच्या कडुलिंबाखाली दबा धरून उभे राहिले. मधुकरराव उंचीनं सहा फूट. सहा फुटांचा माणूस झाडाआड लपला की झाडच त्याच्या आड लपल्यासारखं दिसतं. येणारे-जाणारे विचारत होते, "काय निकमकाका, कुणाची वाट बघताय?" आणि मधुकरराव म्हणत होते, "छे छे, ऊन खातोय." सावलीत उभे राहून!

तेवढ्यात एक गाडी थांबली. पांढराशुभ्र सदरा घातलेले, पिकल्या मिशांचे एक गृहस्थ उतरले. हातात भडंगाचा भलामोठा पुडा. इकडेतिकडे बघत त्यांनी विचारलं, "निकमांचं घर कुटलं ओ? घर बघायला आलोय."

"या या या!" मधुकरराव झाडाआडून झेपावले. "मीच निकम. मात्र हळू बोला. बायकोला कळू द्यायचं नाही."

हे गृहस्थ म्हणजे तेच ते आप्पासो मोहिते. त्यांच्या कपाळाला बारीक आठी पडली. "वैनींना ठाऊक न्हाई?"

"तिचा विरोध आहे."

"विरोध? आमाला तर निरोप तसा न्हवता."

"तिचं तुम्ही ऐकूच नका. ती तुम्हाला गोड बोलून हॉलमध्ये बसवील, शिरा खायला घालील आणि सगळं कसं छान आहे ते सांगेल. तसं काही नाही! चला, मी तुम्हाला खरं काय ते दाखवतो."

आणि त्यांनी आप्पासोंना हाताला धरून बाहेरच्या जिन्यानं थेट गच्चीवर नेलं.

गच्चीवर गेल्यावर मधुकररावांच्या अंगात संचारलं. घर पाडण्याच्या लायकीचं आहे, हे आता पटवून द्यायचं होतं. त्यांनी एक भेग दाखवली, दुसरी दाखवली. टाकीखालच्या शेवाळात आप्पासोंना हात घालायला लावला.

"बघितलंत? वरून रंग दिलाय म्हणून कळत नाही. आतून पार पोकळ!"

"ते दिसतंयच," आप्पासो हात सदऱ्याला पुसत म्हणाले. पांढऱ्या सदऱ्यावर हिरवी पाच बोटं उमटली. "पर तुमी हे सगळं मला का दाखवताय?"

"तुम्हाला नाही दाखवायचं तर कुणाला? पुढे सगळं तुमच्याच हातात द्यायचंय. उद्या म्हणाल, निकमांनी लपवलं!"

"तेबी खरंच. आन् पोराचं काय म्हणणं हाय?"

"पोराला काय विचारायचंय? त्याला कशातलं काही कळत नाही. घरी असला की झोपलेला!"

"झोपलेला?" आप्पासोंचा आवाज बारीक झाला.

"आत्ताही झोपलाय. बोलवू का?"

"न्हाई न्हाई, ऱ्हाऊ द्या."

मधुकरराव कठड्याला टेकले. समोर कृष्णेच्या काठची झाडी दिसत होती, वारा सुटला होता आणि जुन्या वास्तूच्या आठवणीनं ते कठड्यावरून प्रेमानं हात फिरवायला लागले.

"तसं मलाही वाईट वाटतं हो," ते म्हणाले. "तिच्याबरोबर इतकी वर्षं काढली. ऊन-पावसात तिनं साथ दिली. पण आता तिचं वय झालं. सगळी खिळखिळी झालीय. मन घट्ट करायचं आणि जुनी काढून नवी आणायची! लोक काय म्हणायचं ते म्हणोत."

आप्पासोंनी दोन पावलं मागं घेतली. "आवं निकमसाहेब, ह्या वयात?"

"ह्याच वयात! अजून थांबलो तर अंगावर पडेल की एखाद्या दिवशी!"

आप्पासोंनी जिन्याकडं बघितलं. पण जिन्याच्या तोंडाशी सहा फुटी मधुकरराव उभे होते.

आता खाली काय चाललं होतं, ते मधुकररावांना नंतर कळलं; आपण आत्ताच बघून घेऊ.

खरा शंभूराज कॉन्ट्रॅक्टर मोटरसायकलवरून आला आणि त्यानं सरळ पुढचं दार वाजवलं. रुंद बांधा, गळ्यात जाड साखळी, पायात चकचकीत बूट. चारुशीलाबाईंनी दार उघडलं.

"घर बघायला आलोय."

"या ना! वाटच बघत होते." नाव विचारायचं त्यांच्या मनातही आलं नाही. पाहुण्याला दारातच नाव विचारणं बरं दिसतं का? तासगावचे बागायतदार म्हणजे असेच तब्येतीनं असायचे, असं त्यांना वाटलं.

"मालक कुटं हायत?"

"ते जरा बाहेर गेलेत. पण आमच्याकडे सगळं मीच बघते."

"मग लय बेस! बाईमाणसाला घराची जास्त म्हायती असती."

किती समंजस माणूस! चारुशीलाबाईंनी त्याला बसवलं, नेमकं वाजणाऱ्या फरशीपासून लांब. ओल आलेल्या भिंतीवर त्यांनी सकाळीच कॅलेंडर लावलं होतं. ते पुरत नव्हतं म्हणून त्या स्वतः उरलेल्या ओलीपुढे उभ्या राहिल्या. शिरा आला, पोहे आले, चिवडा आला. शंभूराज जरा चपापला. घर पाडायच्या आधी इतका पाहुणचार त्याला कुणी केला नव्हता. पण तो खाण्याच्या बाबतीत संकोच करणाऱ्यातला नव्हता.

"पाया कसा हाय?" त्यानं शिऱ्याचा घास घेत विचारलं.

"पाया एकदम भक्कम!" चारुशीलाबाई म्हणाल्या. "मूळचे आम्ही माणमधले, दहिवडीजवळचे. निकमांचं घराणं तिथं नावाजलेलं."

शंभूराजनं मान हलवली. माणची माती घट्ट असते हे त्याला ठाऊक होतं. पण ती कराडच्या घराखाली कशी आली, ते त्याला कळेना.

"भेगाबिगा?"

"छे हो! भावाभावांत एका शब्दाची भेग नाही. दिवाळीला सगळे एकत्र असतो."

"आन् वरनं अजून भार आला तर सोसंल का?"

चारुशीलाबाईंचे डोळे पाणावले. "असं कसं म्हणता? मुलगी म्हणजे काय भार असतो का? आम्ही तिला फुलासारखी सांभाळू!"

शंभूराजनं पोह्यांची बशी खाली ठेवली. कोण मुलगी, हे विचारावं की न विचारावं, अशा विचारात तो जरा थांबला. मग म्हाताऱ्या बाईशी वाद नको म्हणून कामाचं बोलायला लागला.

"बरं, एक आधीच सांगतो. माझी माणसं हितंच ऱ्हात्यात."

"म्हणजे?"

"हितं. तुमच्या आंगणात. पत्र्याचं शेड मारायचं. सगळी बायकापोरांसकट येत्यात. चुली हितंच, आंगोळी हितंच. एक सालभर तरी हालायची न्हाईत."

"सगळी?"

"सगळी. आन् आवाज हुणार, धूळ हुणार, त्याबद्दल मागनं कुरकुर चालायची न्हाई. तुमी तवर दुसरीकडं भाड्यानं खोली बघा."

चारुशीलाबाईंनी पुढे केलेला चहाचा ट्रे मागं घेतला. मुलगी देताहेत की घर जिंकून घेताहेत? "अहो, म्हणजे तुमचं सगळं खानदान आमच्या घरात, आणि आम्ही रस्त्यावर?"

"रीतच हाय ती आमच्यात."

"आमच्यात नाही!" चारुशीलाबाई एवढ्या मोठ्यानं म्हणाल्या, की गच्चीवरच्या दोघांनी ऐकलं. मधुकरराव धावत जिना उतरले. त्यांच्या मागोमाग, सुटका झाल्याच्या आनंदात, आप्पासोही उतरले.

हॉलमध्ये चौघं समोरासमोर आली. आप्पासोंच्या सदऱ्यावर शेवाळाचे पंजे, डोक्याला कोळिष्टक, काखेत अजूनही भडंगाचा पुडा.

"हे कोण?" चारुशीलाबाईंनी विचारलं.

मधुकररावांनी छाती पुढे काढली. आता लपवण्यात अर्थ नव्हता. "हे कॉन्ट्रॅक्टर! घर पाडायचं नक्की झालंय."

"कॉन्ट्रॅक्टर मी हाय," शंभूराज म्हणाला.

"मग हे?"

"मी आप्पासो मोहिते. मुलीचा बाप."

"कुठल्या मुलीचा?" मधुकररावांनी विचारलं.

शंभूराज अवघडून जरा सरकला आणि त्याच्या पायाखालची फरशी टण्णकन वाजली.

चारुशीलाबाई मटकन खुर्चीत बसल्या. "तुम्ही मुलीच्या वडिलांना गच्चीवर नेलंत?"

"तू कॉन्ट्रॅक्टरला शिरा खायला घातलास?"

"शिरा झ्याक झालाय," शंभूराज म्हणाला. दोघांनीही त्याच्याकडं रागानं बघितलं.

मधुकररावांना आपण गच्चीवर काय काय बोललो ते एकेक आठवायला लागलं. फलटणच्या वेळी निदान गोठ्याचीच गोष्ट सांगितली होती. आज तर पोरगा बिनकामाचा आहे, घर पोकळ आहे आणि बायको गोडबोली आहे, असं स्वतःच्या तोंडानं सांगून बसलो! त्यांचा चेहरा एवढासा झाला. "मोहितेसाहेब," ते कसेबसे म्हणाले, "माझं चुकलं. जे काही बोललो, ते घराबद्दल होतं. मुलगा आमचा खरंच चांगला आहे. तेवढं सोडून बाकी सगळं विसरा."

आप्पासोंनी डोक्यावरचं कोळिष्टक काढलं. "एक इचारू? ती जुनी काढून नवी आणायची म्हणला, ती..."

"वास्तू! वास्तू हो!"

"आसं व्हय!" आप्पासोंनी एवढा मोठा निःश्वास सोडला, की कॅलेंडर हललं. "मी म्हनलं, मान्सानं ह्या वयात काय मनात धरलंय!" आणि ते हसायला लागले. आधी मिशीत, मग पोट धरून. "निकमसाहेब, पोरीसाठी लय घरं बघितली म्या. समद्यांनी आमाला सोफा दाखवला. गळकी टाकी दाखवणारा पयला मानूस तुमी. जो गच्ची लपवत न्हाई, तो पोरीपास्नं काय लपवनार?"

हे ऐकून मधुकररावांनी बायकोकडं असं काही बघितलं, जणू हा बेत त्यांचाच होता! चारुशीलाबाईंनी नजरेनंच त्यांना जागेवर बसवलं.

एवढा गोंधळ झाल्यावर झोपलेलं पोरगं कसं झोपून राहील? अनीश डोळे चोळत बाहेर आला. समोरच्या माणसाकडं त्यानं बघितलं, सदऱ्यावरचे हिरवे पंजे बघितले आणि पटकन पाया पडला. "काका, तुम्ही कधी आलात? मयूरी म्हणाली होती जरा उशिरा येणार म्हणून."

"मयूरी म्हणाली?" तिघांनी एकदमच विचारलं.

अनीशची झोप खाडकन उतरली. मान खाली घालून तो फरशीवरची नक्षी बघायला लागला. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. मयूरी त्याच्याच कारखान्यात प्रयोगशाळेत होती. दोघांचं कधीच ठरलं होतं; आप्पासोंना त्यानं तिच्याकडच्या फोटोत बघितलं होतं. सरळ सांगितलं तर घरात प्रश्नोत्तरं होतील, म्हणून अनीशनंच मावशीला गाठून हे स्थळ आईला सुचवायला लावलं होतं.

"म्हंजी माज्या पोरीनंच मला हितं धाडलं!" आप्पासो कपाळाला हात लावून म्हणाले. "आन् वर म्हनती कशी, 'पप्पा, तुमाला पटलं तरच!'"

रागावायचं कुणी आणि कुणावर, हे ठरेना. शेवटी चारुशीलाबाईंनी शिऱ्याचं पातेलं परत गॅसवर ठेवलं, तेव्हा सगळ्यांना बरं वाटलं. भडंगाचा पुडा फुटला. मधुकरराव हळूहळू रंगात आले. "आता बघा! वर अख्खा मजला. दोन खोल्या, गॅलरी, कृष्णा नदी समोर..."

"किंवा मागची खोली नीट करून घेऊ," चारुशीलाबाई म्हणाल्या. "सकाळचं ऊन छान येतं तिथं. मयूरीला आवडेल."

अनीशनं भडंगाचा बकाणा भरलेला होता. तो गिळून तो हळूच म्हणाला, "आई, आम्ही शिरवळलाच राहणार आहोत. दोघांचीही नोकरी तिथंच. एक फ्लॅट बघितलाय."

खोलीत फक्त भडंग चावण्याचा आवाज येत होता. तो शंभूराजचा होता.

मधुकररावांनी पाण्याचा पेला उचलला आणि न पिताच खाली ठेवला. मनातल्या मनात वर्षभर चढवलेला मजला एका वाक्यात खाली आला होता, आणि धूळसुद्धा उडाली नव्हती. चारुशीलाबाई उगीचच कॅलेंडर सरळ करत राहिल्या.

"येत जाऊ की," अनीश म्हणाला. "शनिवारी. दोघंही."

"या," चारुशीलाबाई म्हणाल्या. "तिला झोपायला मागची खोली देऊ. सकाळी ऊन येतं."

आप्पासोंनी भडंगाची बशी मधुकररावांच्या पुढे सरकवली. त्यांचीही एकुलती एक पोरगी आता कायमची शिरवळलाच राहणार होती.

शंभूराजनं घसा खाकरला. "मग माझं काय ठरलं? पाडायचं का डागडुजी?"

नवरा-बायकोनं एकमेकांकडं बघितलं. पोरासाठी घर कसं असावं, यावर ते वर्षभर भांडले होते. आपल्याला काय हवंय, हा प्रश्न आज पहिल्यांदाच समोर आला होता.

"माझा स्वयंपाकाचा ओटा तेवढा बघा," चारुशीलाबाई अखेर म्हणाल्या. "फार खाली आहे. वाकून वाकून कंबर जाते."

"कंबर दुखते?" मधुकररावांनी विचारलं. "कधी बोलली नाहीस!"

"तुम्ही सारखे वरच्या मजल्यावर होतात. ऐकू कसं येणार?"

झालं! गच्ची दुरुस्त करायची, ओल काढायची, आणि ओटा उंच करायचा. असं ठरलं. पाडायला काहीच मिळालं नाही म्हणून शंभूराज हिरमुसला. पण शिरा खाल्लेला असल्यामुळं त्याला नाही म्हणता येईना. त्याची माणसंही अंगणात बायकापोरांसकट आली नाहीत. सकाळी यायची, संध्याकाळी जायची.

ओट्याचं काम निघालं, त्या दिवशी चारुशीलाबाई लग्नाच्या साड्या बघायला सांगलीला गेल्या होत्या. जाताना नवऱ्याला बजावून गेल्या, "तुम्ही काही सुचवू नका. फक्त लक्ष ठेवा."

मधुकररावांनी काही म्हणजे काही सुचवलं नाही! गवंड्यानं एवढंच विचारलं, "काका, उंची किती धरू?" मधुकरराव ताठ उभे राहिले, हात कोपरात वाकवून हवेत काल्पनिक पोळी लाटून दाखवली आणि म्हणाले, "इथपर्यंत. अजिबात वाकायला लागता कामा नये!"

संध्याकाळी चारुशीलाबाई आल्या. नव्या चकचकीत ओट्यासमोर उभ्या राहिल्या. ओटा त्यांच्या छातीला लागत होता. त्यांनी ओट्याकडं बघितलं, सहा फुटी नवऱ्याकडं बघितलं आणि कमरेचा पदर सोडून शांतपणे हॉलमध्ये जाऊन बसल्या.

कंबर आता अगदी बरी आहे त्यांची. मधुकररावांच्या पोळ्या अजून गोल होत नाहीत, पण शनिवारी सून आली की म्हणते, "बाबा, ओट्याची उंची मात्र तुम्ही अगदी बरोबर घेतलीत हं!"